वेशीवरचा माणूस

मराठीत 'वेस' हा शब्द आज वस्तूपेक्षा वाक्प्रचारांतूनच अधिक जगतो. अब्रू वेशीला टांगली जाते, पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवले जाते; परंतु दगडी कमानीची आणि लाकडी दरवाजाची प्रत्यक्ष वेस बहुतेक गावांतून केव्हाच ढासळली आहे. ती उभी होती तेव्हा तिचे काम दुहेरी असे. दिवस मावळल्यावर ती लावली जाई आणि उजाडल्यावर उघडली जाई. लावण्याइतकेच उघडणेही तिच्या कल्पनेत गृहीत होते. गाव म्हणजे परस्परांना ओळखणाऱ्या माणसांची वस्ती, आणि वेस म्हणजे या ओळखीची सीमा. त्या सीमेवर एखादा माणूस येऊन उभा राहिला, तर त्याचे काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच व्यवस्थेचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे. एरवी हा प्रश्न झाकलेला असतो. साथीच्या काळात तो उघडा पडतो.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुढच्या काही दिवसांतच महाराष्ट्रातील असंख्य गावांनी आपापली वेस पुन्हा उभी केली. कमानी उरल्या नव्हत्या, म्हणून बाभळीच्या काट्या रस्त्यावर आडव्या पडल्या. कुठे बैलगाडी, कुठे मुरमाचा ढीग, कुठे रस्त्यातच खणलेला चर. बाहेरच्यांनी गावात येऊ नये, असे फलक लागले. तरुणांच्या गस्ती सुरू झाल्या. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्या ग्रामस्तरीय समित्या नेमल्या गेल्या आणि कोण आले, कोण गेले, याची नोंद होऊ लागली. ग्रामपंचायतीचे कार्यालय एरवी दाखल्यांपुरते आणि घरपट्टीपुरते आठवणारे ठिकाण; ते एकाएकी जीवनमरणाच्या निर्णयांचे ठिकाण बनले. तेव्हा विचारायला हवे ते असे, की गावाला आपली वेस लावून घेण्याचा नैतिक अधिकार आहे काय? आणि असल्यास तो कोणत्या अटींवर?

या प्रश्नाचा विचार करताना गावाच्या भीतीची टिंगल करून चालणार नाही. आपल्याकडील सरकारी निकषांनुसार सपाटीच्या प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक. उपकेंद्राचा निकष अनुक्रमे पाच हजारांचा आणि तीन हजारांचा. हे कागदावरचे निकष आहेत. जिथे ते पुरे झालेले आहेत तिथेही श्वास लागलेल्या रुग्णाला प्राणवायू मिळेल, अशी सोय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच असते. ज्या गावात तरुण पोटासाठी बाहेर पडलेले आणि म्हातारी माणसे मागे राहिलेली, त्या गावाने एका संसर्गात आपला शेवट पाहिला असेल, तर ती भीती अडाणी म्हणता येणार नाही. राज्याने ज्यांच्यासाठी रुग्णालय बांधले नाही, त्यांनी रस्ता बंद केला, असेही या घटनेचे वर्णन करता येईल. तथापि भीती समजून घेणे ही एक गोष्ट आणि भीतीने केलेले प्रत्येक कृत्य न्याय्य ठरवणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर नीटपणे मोजायचे तर थोडे मागे जावे लागेल.

पटकी किंवा देवीची साथ आली म्हणजे महाराष्ट्रातील अनेक गावांत मरीआईचा गाडा काढण्याची रूढी होती. देवीला नैवेद्य दाखवून, तिची पूजा करून तो गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेवर नेऊन सोडत. गावातील इडापिडा त्याच्याबरोबर बाहेर गेली, अशी श्रद्धा. परंतु एका गावाची शीव संपते तिथे दुसऱ्या गावाची सुरू होते. तेव्हा शेजारच्या गावाने तो गाडा आपल्या दुसऱ्या शिवेकडे ढकलायचा आणि त्यापुढच्याने आणखी पुढे. या रूढीला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तिच्यात दडलेला नैतिक आराखडा ओळखणे अवघड आहे. तिने संकट नाहीसे होत नाही. त्याची जागा फक्त बदलते. आपल्या शिवेपलीकडे जे घडेल त्याची जबाबदारी आपली नाही, हे गृहीत धरल्याखेरीज असा गाडा हलत नाही. रोगजंतूंचे ज्ञान आले, लसी आल्या, तरी हे गृहीत मात्र गेले नाही.

याच समाजाच्या स्मृतीत साथीला दिलेला आणखी एक प्रतिसाद आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील काही वर्षांत तो देशावरील गावोगावी पसरला. उंदीर पडू लागले, की अख्खे गाव घरांना कुलपे लावून रानात झोपड्या घालून राहत असे. पांढरी सोडून काळीत जाणे, असे त्याचे वर्णन करता येईल. इथे गावाने कोणाला बाहेर घालवले नाही; गाव स्वतःच बाहेर गेले. घर सोडण्याची, उघड्यावर राहण्याची, धान्य वाहून नेण्याची किंमत सर्वांनी मोजली. अर्थात सर्वांनी सारखीच मोजली, असे नाही. रानातही झोपड्यांच्या रांगा जातीप्रमाणेच पडल्या. तरीही या दोन प्रतिसादांत महत्त्वाचा भेद आहे. एकात सुरक्षिततेची किंमत दुसऱ्याकडून वसूल केली जाते, दुसऱ्यात ती आपल्या पदरची असते.

राज्यसंस्थेचा प्रतिसाद याहून निराळा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. अवघ्या काही कलमांच्या या कायद्याने सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय करण्याची मुभा दिली आणि सद्‌हेतूने केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या घेतल्या, माणसे छावण्यांत नेली, सामान जाळले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर केलेल्या हल्ल्याने या प्रकरणाला इतिहासात जागा मिळाली. वैद्यकीय दृष्टीने विलगीकरण चूक नव्हते. चूक होती ती लोकांना न विचारता, त्यांच्या देवघराचा आणि माजघराचा विचार न करता, केवळ बळाने ते लादण्यात. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीचा हाच कायदा लागू केला. मधल्या काळात परकी राज्य गेले, प्रजेची नागरिक झाली. कायद्याची भाषा मात्र तीच राहिली.

'गाव करी ते राव न करी' अशी आपल्याकडे म्हण आहे. राजाच्या हुकमाने जे साधत नाही ते गावाच्या एकोप्याने साधते, हा तिचा सरळ अर्थ. साथीच्या काळात तिचा प्रत्यय अनेक ठिकाणी आला. शाळेच्या वर्गांत अंथरुणे घातली गेली, घरोघरची भाकरी गोळा करून तिथे पोचवली गेली, किराणा आणि औषधे आणून देण्याचे काम तरुणांनी वाटून घेतले. परंतु याच म्हणीला दुसरी, काळोखी बाजू आहे. राजाला जे करण्याची लाज वाटेल तेही गाव करू शकते. बहिष्कार हा गावाचाच शोध आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांविषयीच्या अफवांनी बिथरलेल्या जमावाने वाट अडवून तीन प्रवाशांची हत्या केली. गस्त रक्षणासाठी घातली जाते. मात्र समोरचा माणूस कोण, हे विचारण्याचे तिने सोडले, की रक्षणाचे रूपांतर शिकारीत होण्यास एक रात्र पुरते. म्हणून स्थानिकता हे आपोआप नीतिमत्तेचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. गाव जेव्हा निर्णय घेते तेव्हा गाव म्हणजे नेमके कोण बोलत असते, हे तपासावेच लागते.

या ठिकाणी २०२० सालातील एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आणि पंचायतीकडे सोपवता येतील अशा एकोणतीस विषयांत आरोग्य व स्वच्छता यांचा समावेश केला. गावाने गावाचा विचार करावा, तो सर्व प्रौढ रहिवाशांच्या सभेत करावा, ही त्यामागची दृष्टी. परंतु साथीचे पहिले पथ्य हेच, की माणसांनी एकत्र जमू नये. म्हणजे ज्या वेळी सामूहिक विचाराची सर्वांत अधिक निकड होती, नेमक्या त्याच वेळी सभा निषिद्ध झाली. त्यातच महाराष्ट्रातील हजारो ग्रामपंचायतींची मुदत त्या वर्षभरात संपत गेली. निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, प्रशासक नेमले गेले, ते कोणी आणि कोणाच्या सल्ल्याने नेमावेत, यावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत पोचला. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. मधल्या काळात गावाच्या नावाने जे निर्णय झाले ते पुष्कळदा पारावरच्या चार-सहा जणांनी किंवा भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांनी घेतलेले होते. ज्यांच्याकडे पंधरा दिवसांचे धान्य भरलेले होते त्यांना बंदी परवडत होती. रोज दुसऱ्या गावाच्या शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईला ती परवडणार नव्हती. पण तिला कोणी विचारले नाही. सभा भरत नाही तेव्हा गाव गप्प बसत नाही. फक्त ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे, त्यांचेच बोलणे गावाचे म्हणून ऐकू येते.

आणि वेशीवर येऊन उभा राहिलेला माणूस तरी कोण होता? तो बहुधा परका नव्हताच. कोकणातल्या गावांचा विचार केला तर हे विशेष स्पष्ट होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कित्येक घरांच्या चुली पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटल्या. गिरण्या होत्या तोवर गिरण्यांतून आणि १९८२ च्या संपानंतर मिळेल त्या कामातून पैसा गावाकडे येत राहिला. देवळाचा कळस, शाळेची खोली, पालखीचा खर्च यांत त्याचा वाटा होता. त्या पैशाला वेशीवर कोणी अडवले नव्हते. २०२० च्या उन्हाळ्यात चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत राहणे अशक्य झालेला चाकरमानी गावी परतला, तेव्हा मात्र आपल्याच घरासमोर त्याला रोगाचा वाहक म्हणून पाहिले गेले. २२ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीपूर्वी त्याने विलगीकरणात चौदा दिवस राहावे की दहा, यावर शासन आणि ग्रामपंचायती यांच्यात रस्सीखेच झाली. वरवर हा दिवसांच्या संख्येचा वाद होता. त्याच्या तळाशी मात्र सभासदत्वाचा प्रश्न होता: गावाबाहेर राहून गाव पोसणारा माणूस गावाचा असतो की नसतो?

ज्यांना असा प्रश्न विचारण्यापुरतेही गाव जवळ नव्हते, त्यांची स्थिती याहून बिकट होती. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. जालन्याहून ते पायी आपल्या मुलखाकडे, मध्य प्रदेशाकडे निघाले होते. त्यांच्या मृत्यूचे कारण अपघात असे नोंदले गेले आणि ते खरेच आहे. तरीही थकलेल्या माणसांना अंग टाकण्यासाठी लोहमार्गाखेरीज जागा उरली नाही, ही त्या अपघातामागची हकीगत आहे. प्रत्येक गावाने आपापली वेस लावली, प्रत्येकाने आपल्यापुरते योग्य केले. परंतु या सर्व योग्य निर्णयांची बेरीज अशी झाली, की मधल्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला कोणतेच गाव उरले नाही.

वेस लावण्याचा याच्या नेमका उलट प्रकार इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील ईम या खेड्यात १६६६ साली घडला. लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग पोचला, अशी परंपरा सांगते. मॉम्पेसन आणि स्टॅन्ली या दोन धर्मोपदेशकांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी गाव सोडून न जाण्याचे ठरवले, जेणेकरून आसपासच्या वस्त्यांत रोग पसरू नये. सीमेवरील दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवली जात. शेजारच्या गावांचे लोक तिथे अन्न ठेवून पैसे नेत. सुमारे दोनशे साठ माणसे त्या साथीत गेली, असे मानले जाते. या कथेभोवती नंतर पुष्कळ गौरव जमला, आणि सधन कुटुंबे आधीच निघून गेली होती, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. तो गौरव वजा केला तरी दोन गोष्टी उरतात. ईमने वेस लावली ती आतल्यांच्या नव्हे, बाहेरच्यांच्या रक्षणासाठी. आणि बाहेरच्यांनीही त्या बंद गावाला उपाशी ठेवले नाही. सीमा दोन्ही बाजूंनी सांभाळली गेली. तो दगड एकाच वेळी अडवणारा होता आणि पोचवणाराही.

आपल्या जुन्या गावगाड्यात वेशीवर कोण उभा असे, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे. वेस राखण्याचे काम वेसकराचे, म्हणजे येसकराचे. आणि हा वेसकर महार असे. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधण्याची परवानगी नव्हती, त्याच्यावर गावाच्या रक्षणाचा भार होता. आतल्यांच्या झोपेची किंमत बाहेरचा माणूस जागून चुकवत होता. ही व्यवस्था इतिहासजमा झाली, असे आपण समजतो. परंतु साथीच्या काळात गावाचा आणि शहराचा उंबरठा कोणी राखला, याची यादी केली तर विचारात पडावे लागते. घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या, विलगीकरणातल्यांची नोंद ठेवणाऱ्या सुमारे सत्तर हजार आशा स्वयंसेविका राज्यात होत्या. सरकारी व्याख्येत त्या कर्मचारी नव्हेत, स्वयंसेविका. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मोबदला. जून २०२१ मध्ये त्यांना योग्य मोबदल्यासाठी संप करावा लागला. महानगरपालिकांत मृतदेह वाहून नेणारे, रुग्णालयांतील कचरा उचलणारे हात बहुतांशी त्याच जातींचे होते, ज्यांना पूर्वी हे काम जन्माने लावून दिले होते. टाळ्या आणि थाळ्या वाजवून त्यांचे आभार मानले गेले. आणि त्याच वेळी रोगाचे वाहक म्हणून आरोग्यसेवकांवर हल्लेही झाले. २२ एप्रिल २०२० रोजी साथरोग अधिनियमात वटहुकमाने दुरुस्ती करून त्यांना संरक्षण द्यावे लागले. ज्या कायद्याने १८९७ मध्ये अधिकाऱ्यांना लोकांपासून वाचवले, त्याला आता शुश्रूषा करणाऱ्यांना शेजाऱ्यांपासून वाचवावे लागले.

वेशीबाहेरच्या माणसाकडे स्वतः चालत जाण्याची परंपराही मात्र याच मातीत आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. त्यांना स्वतःला संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकार आणि समाज दोघेही ज्या सीमेपाशी थांबतात ती त्यांनी ओलांडली. मात्र अशा उदाहरणाचा उपयोग इतरांना हौतात्म्याचा उपदेश करण्यासाठी केला, तर ते गैर होईल. एखाद्या व्यक्तीने प्राण पणाला लावावेत, ही मागणी समाज करू शकत नाही. समाजाने करायची ती मागणी स्वतःकडे: कोणालाही प्राण पणाला लावावे लागू नयेत, अशी सोय आधी उभी करण्याची.

सीमेचा शेवटचा प्रसंग मृत्यूचा. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 'संस्कार' या १९६५ च्या कन्नड कादंबरीत अग्रहारातील एक धर्मभ्रष्ट ब्राह्मण मरतो आणि त्याचे क्रियाकर्म कोणी करावे, या प्रश्नावर सारे अडून राहतात. शास्त्रांचा काथ्याकूट चालू असतो, उंदीर मरून पडत असतात, प्रेत कुजत असते. शेवटी त्याला अग्नी देते ती चंद्री ही त्याची रखेली, एका मुसलमान मासेविक्रेत्याच्या मदतीने, रात्रीच्या अंधारात. ज्यांच्याकडे धर्माचा अधिकार होता त्यांना धर्म समजला नाही. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत करोनाने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरच्या दफनाला जमावाने दगडफेक करून विरोध केला, तेव्हा या कादंबरीतील अग्रहार किती जवळ आहे, हे दिसले. अंत्यविधीला वीसहून अधिक माणसे नकोत, हा नियम तेव्हा आला. पुष्कळांच्या वाट्याला वीसही आली नाहीत. अनोळखी पालिका-कर्मचाऱ्यांनी अनोळखी माणसांना अग्नी दिला, माती दिली. नातेवाईक दूर उभे राहिले. त्यांना दोष देता येणार नाही. पण ज्याने ते काम केले त्याचे आपल्यावर ऋण झाले, हे नाकारताही येणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. अनेकांचे प्राण वाचवण्यासाठी काहींना काही काळ बाहेर ठेवणे हे केवळ हिशेबाने योग्य नाही काय? हा हिशेब फेटाळण्याचे कारण नाही. तो अपुरा आहे, एवढेच. हिशेब करणारा आणि ज्याचा हिशेब होतो तो, असे दोन वेगळे पक्ष झाले म्हणजे आकडे बरोबर असूनही न्याय होत नाही. विलगीकरण न्याय्य ठरण्यास म्हणून दोन अटी पाळाव्या लागतील. ज्याला अडवायचे त्याच्या निवाऱ्याची, अन्नाची, औषधाची आणि सन्मानाची तरतूद अडवणाऱ्याने केली पाहिजे. आणि आपण बाहेर असतो तर हीच व्यवस्था आपल्याला मान्य झाली असती काय, याचे प्रामाणिक उत्तर देता आले पाहिजे. या कसोटीवर शाळा उघडून तिथे परतणाऱ्यांना ठेवणारे गाव आणि काट्या टाकून मोकळे होणारे गाव, ही दोन्ही 'बंद' असूनही नैतिकदृष्ट्या एक नव्हेत. पहिल्याने वेस राखली, दुसऱ्याने गाडा पुढे ढकलला.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसुली विभागात पहिले बक्षीस पन्नास लाख रुपयांचे. स्पर्धेच्या निकषांत व्यवस्थेला गुण होते आणि तिच्यामुळे अनेक गावे कामाला लागली, हे मान्य करावे. परंतु 'मुक्त' या शब्दाबाबत सावध राहणे बरे. रोगापासून मुक्त होण्याचा सर्वांत सोपा मार्ग रोगी नाकारणे हा असतो, तो लपवणे हा असतो, तो शिवेपार करणे हा असतो. गावाच्या दप्तरात किती रुग्ण नव्हते याची नोंद राहील. तिच्याशेजारी आणखी एक रकाना असायला हवा: वेशीवर किती माणसे आली आणि त्यांतल्या किती जणांना गावाने अंथरूण दिले. पुढची साथ कधी येईल, हे सांगता येत नाही. मधल्या काळात उपकेंद्राला परिचारिका मिळाली काय, शाळेत पाण्याची सोय झाली काय, आशाताईंना वेतन लागू झाले काय, ग्रामसभा भरते काय आणि तीत मजुरीला जाणारी बाई बोलते काय, यावर त्या वेळचे उत्तर अवलंबून राहील. वेशीवरच्या माणसाशी आपण कसे वागणार, हे तो येण्यापूर्वीच बरेचसे ठरून गेलेले असते.